जुळी लहान आहेत म्हणून डोंगर बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलांच्या पालकांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मूल शाळेत जाईपर्यंत ट्रेकिंग, पळणं, सायकलिंग हे सगळं बाजूला ठेवावं आणि जुळी असतील तर त्याचा विचारही करू नये, असा त्याचा एकूण सूर आहे. मी तीन वर्षांच्या जुळ्यांची आई आहे, एक मुलगी आणि एक मुलगा. डोंगर चढणं आणि पळणं लग्नाच्या कितीतरी आधीपासून माझ्या आयुष्यात आहे, नवऱ्याशी ओळखही एका ट्रेकवरच झाली. लेखातला सल्ला काळजीपोटी दिलाय हे कळतं, पण तो मला पटला नाही, म्हणून हे पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या हालचालीबद्दल आणि झोपेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल करावी, तीन वर्षांपुढे त्यातली निदान ६० मिनिटं दम लागेल अशी असावी, असं त्यात म्हटलंय. दिवसाचे तीन तास! दोन खोल्यांत दोन मुलांकडून तीन तासांची हालचाल करून घेणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच विचारा. मोकळ्या जागेत तेच तीन तास कसे गेले ते कळतही नाही. म्हणजे बाहेर पडणं ही आईबापांची हौस आहे असं समजून ते आधी कापून टाकायचं, हे मुलांच्याही फायद्याचं नाही.

त्याच सूचनांमध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि भटक्या पालकांनी ती माझ्या मते भिंतीवर लिहून ठेवावी. लहान मुलाला बाबागाडीत किंवा पाठीवर एका वेळी तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नये. मुलाला पाठीवर घेऊन आपण चार तास चाललो की आपला व्यायाम होतो, मूल मात्र चार तास बसलेलं असतं. आमच्या चालण्याचं सगळं गणित या एका नियमाने बदललं. तास झाला की थांबायचं, पट्टे सोडायचे, दोघांना जमिनीवर सोडायचं आणि त्यांचं समाधान होईपर्यंत तिथेच राहायचं. शिखर गाठायचं की नाही हा प्रश्न मग आपोआप मागे पडतो. पूर्वी जी वाट आम्ही सकाळी संपवून दुपारी घरी असायचो, तिचा पहिला टप्पा आता आमचा पूर्ण दिवस असतो. मला त्यात काही कमी वाटत नाही. परवा पायवाटेवर मुंग्यांची रांग लागली. लेक तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि एक मुंगी आपल्यापेक्षा मोठं पान ओढत पलीकडे पोचेपर्यंत उठली नाही. मुलगा तोवर वडिलांबरोबर पुढच्या झाडापर्यंत पळत जाऊन परत येत होता, पुन्हा जात होता, पुन्हा येत होता. दोघांची सकाळ चांगली गेली, दोघांची वेगवेगळी.

जुळ्यांचं खरं वेगळेपण कशात आहे हे त्या लेखात कुठेच आलं नाही. एक मूल असतं तेव्हा एकजण मूल उचलतो आणि दुसरा सामान. जुळी असली की दोन्ही पाठी भरलेल्या असतात. मग पाणी, डायपर, बदलायचे कपडे, प्रथमोपचाराची पिशवी हे सगळं कोण घेणार? पाठीवरच्या कॅरियरचंच वजन तीन किलोच्या आसपास, वर बारा-तेरा किलोचं मूल, आणि अशा बऱ्याच कॅरियरची एकूण मर्यादा २०-२२ किलोंच्या घरात असते. उरतं ते जेमतेम पाच-सहा किलो, आणि त्यातला मोठा वाटा पाण्याचाच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आमच्यापैकी एकाचा पाय मुरगळला तर त्याला सावरायला मोकळा हात कोणाचाच नसतो. म्हणून गाडीरस्त्यापासून फार आत जायचं असेल तर आम्ही तिसरं मोठं माणूस बरोबर घेतोच. मैत्रीण, भाऊ, जुना ट्रेकचा सोबती, कोणीही चालेल, पण पाठ रिकामी असलेलं हवं. तिसरं माणूस मिळालं नाही तर वाट बदलतो. हा नियम आम्ही एकदाही वाकवलेला नाही.

दुसरी गोष्ट वयाची. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं ३७ आठवड्यांच्या आधी जन्मतात. आमची ३५व्या आठवड्यात आली. अशा मुलांचं वय पहिली दोन वर्षं जन्मतारखेवरून न मोजता अपेक्षित तारखेवरून मोजतात. बालरोगतज्ज्ञांनी हे आम्हाला पहिल्याच भेटीत समजावलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. फ्रेम असलेल्या कॅरियरमध्ये मूल कधी बसवायचं, तर ते आधाराशिवाय स्वतः बसायला लागल्यावर. बाबागाडी ढकलत पळायला कधी सुरुवात करायची, तर सहा महिन्यांच्या आत मुळीच नाही, आणि काही कंपन्या आठ महिने सांगतात. आमच्यासारख्यांनी या प्रत्येक आकड्यात पाच आठवडे मिळवायचे. शेजारणीचं त्याच महिन्यात जन्मलेलं बाळ कॅरियरमध्ये बसून हिंडत होतं तेव्हा आमची दोघं अजून पुढून छातीशी बांधलेली असायची, गुडघे कमरेपेक्षा थोडे वर, मांड्यांना खालून पूर्ण आधार, चेहरा उघडा आणि हनुवटी छातीवर टेकलेली नाही अशी. एक माझ्याकडे, एक नवऱ्याकडे. तेव्हा आम्ही फक्त सपाट रस्त्याने चालायचो आणि त्यातही खूप बरं वाटायचं.

थंडी-उन्हाबद्दल मी नव्या पालकांना अगदी कळकळीने सांगते. चढावर आपल्याला घाम फुटतो, पाठीवरचं मूल मात्र हलत नसतं, त्याच्या अंगात फारशी उष्णता तयार होत नाही. आपल्याला गरम होतंय म्हणून मुलाचं जॅकेट काढणं हे थंड हवेत धोक्याचं आहे. पाठीवर मूल असलेल्याला स्वतःला ते दिसत नाही, म्हणून मागून चालणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने मुलाच्या मानेला हात लावून बघायचा आणि लटकणाऱ्या पायांचे मोजे तपासायचे. कॅरियरच्या पट्ट्यांनी पॅन्ट वर सरकते आणि पोटरी उघडी पडते, हे नेहमीचंच. उन्हाळ्यात उलटा धोका असतो. बाबागाडीवर कापड टाकून सावली केली की आतली हवा कोंडते आणि झपाट्याने तापते. सावली करायची तर वारा खेळता राहील अशी. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीनच्या भरवशावर उन्हात नेऊ नये, सावलीतच ठेवावं.

मुलं चालायला लागल्यावर आणखी एक नवा प्रश्न येतो, तो म्हणजे दोघं दोन दिशांना जातात. एकाच्या मागे पळताना दुसऱ्याकडे पाठ होते. त्यामुळे मी एकटी दोघांना घेऊन जाते ती फक्त कुंपण असलेल्या जागी. नदी, तळं, साधा पाण्याचा हौदसुद्धा जवळ असेल तर दोन मुलांमागे दोन मोठी माणसं हवीतच, आणि कोण कोणाकडे बघतंय हे तोंडाने ठरवून घ्यायचं. 'मला वाटलं तू बघतोयस' हे वाक्य पाण्याकाठी कोणावरही यायला नको. लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना बहुतेक वेळा ओरडत नाही.

आता आईबद्दल. त्या लेखात आईने 'थोडा काळ स्वतःला विसरावं' असं एक वाक्य होतं. संपादक महोदय, हे वाक्य वाचून मी फार अस्वस्थ झाले. जुळ्यांच्या आयांमध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं जास्त आढळतात, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलेलं आहे, आणि नियमित व्यायामाने ती लक्षणं कमी व्हायला मदत होते हेही. अशा बाईला बाहेर पडू नकोस म्हणून सांगायचं? अर्थात बाळंतपणानंतर लगेच पळायला लागा, असं मी म्हणत नाही. बाळंतपणानंतर पळण्याबद्दल फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये तयार केलेल्या सूचनांत पहिले तीन महिने पळू नये असं सांगितलंय, आणि त्यानंतरही ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासून घ्यायला सांगितलंय. जुळ्यांच्या गरोदरपणात पोट जास्त ताणलं जातं, पोटाच्या मधोमध दोन्हीकडचे स्नायू एकमेकांपासून लांब सरकतात. मी बराच काळ फक्त चालले, मग चढ चालले, आणि फिजिओथेरपिस्टने हो म्हटल्यावर पळायला लागले. ओझं घेऊन चढणं त्याच्याही नंतर.

हे सगळं जमतं ते आमच्या पाळ्यांमुळे. आठवड्यातली एक सकाळ नवऱ्याची आणि एक माझी. ज्याची सकाळ असेल तो एकटा बाहेर जातो, दुसरा दोघांना सांभाळतो. ताप किंवा दवाखाना याखेरीज कोणत्याही कारणाने पाळी रद्द होत नाही. 'आज फार दमलोय, पुढच्या आठवड्यात जा' हे चालत नाही, कारण असं पुढे ढकललं की पहिल्यांदा आईचीच पाळी जाते. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत असंच झालंय, तेही कोणी वाईट वागल्यामुळे नाही, आपोआप. जाणाऱ्यावरही बंधन आहे. सांगितलेल्या वेळेला घरी यायचं म्हणजे यायचं, कारण घरात एक माणूस दोन लहान मुलांबरोबर एकटं आहे आणि त्याचं लक्ष घड्याळाकडे आहे. कुठल्या वाटेने जाणार हे लिहून ठेवायचं आणि ती वाट बदलायची नाही.

धोक्याबद्दलही बोललं पाहिजे. मी कातळारोहण सध्या थांबवलंय, नवरा अजून करतो. हा निर्णय माझा आहे, विचार करून घेतलेला. दुसऱ्या एखाद्या आईने वेगळा घेतला तर मी तिला नावं ठेवणार नाही. ॲलिसन हारग्रीव्ह्ज ही ब्रिटिश गिर्यारोहक १९८८ मध्ये गरोदर असताना स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराची उत्तर भिंत चढली. मे १९९५ मध्ये ती कोणाची मदत आणि जादा प्राणवायू न घेता एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केटू शिखरावरून उतरताना वादळात तिचा मृत्यू झाला. दोन लहान मुलांची आई असून ती तिथे गेलीच कशी, म्हणून तिच्यावर तेव्हा भरपूर टीका झाली. डोंगरात गेलेल्या बापांबद्दल हा प्रश्न इतक्या जोरात विचारलेला मी तरी वाचलेला नाही.

सार्वजनिक जागांबद्दल थोडं. शेजारी-शेजारी दोन मुलं बसतील अशी बाबागाडी साधारण पाऊण मीटर रुंद असते. गाड्या आत शिरू नयेत म्हणून बागेच्या दारात लावलेल्या आडव्या-तिडव्या लोखंडी पाइपांतून ती जात नाही. मग एकाने दोन्ही मुलं धरायची आणि दुसऱ्याने गाडी घडी करून पलीकडे न्यायची. एकटी आई असेल तर ती दारातूनच परत फिरते. चाकाच्या खुर्चीवर येणाऱ्यांचीही तिथे हीच अडचण होते. शेजारी एक रुंद, कडी लावता येईल असं फाटक ठेवलं तर प्रश्न सुटतो. आणि बाळाचे कपडे बदलायची फळी पुरुषांच्या स्वच्छतागृहातही हवी, कारण दोनपैकी एक मूल त्यांच्याकडे असतं.

आपली पुरवणी बरेच पालक वाचतात. हा विषय पुन्हा घ्याल तेव्हा जुळ्या-तिळ्यांच्या पालकांशी, बालरोगतज्ज्ञांशी आणि बाळंतपणानंतरच्या व्यायामाचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टशी बोलून लिहावं, अशी विनंती आहे. आणि 'छंद किती सोडलात?' हा प्रश्न वडिलांनाही विचारावा.

आपली,
एक वाचक