घरकामगारांना केंद्रीय कायदा हवाच

महोदय,

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी गेल्या पावसाळ्यात तापाने पाच दिवस आल्या नाहीत. त्यांच्या चार घरांपैकी दोघांनी खाडा धरून पैसे कापले, एका घराने तर दुसरी बाईच ठेवली. साबणाने चिरा पडलेले हात पुढे करून त्या म्हणाल्या, ‘‘ताई, आजारी पडायची पण चोरी!’’ ऐकून मान खाली गेली.

घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला बजावले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे. तो नोंदणी झालेल्यांना मदत देतो, मात्र किमान पगार, भरपगारी सुट्टी यांची हमी देत नाही. नोंदणीसाठी मालकाचे प्रमाणपत्र मागतात, आणि ते द्यायला लोक कां कूं करतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या घरकामगारांविषयीच्या २०११ च्या कराराच्या बाजूने भारताने मत दिले, त्याला मंजुरी मात्र अजून दिलेली नाही.

केंद्रीय कायद्यात आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा आणि किमान वेतन स्पष्ट लिहावे. घरकामगारांना वेगळी लिफ्ट, वेगळा कप देणेही त्यात गुन्हा ठरावे.

– एक वाचक, डोंबिवली