दादा, रात्री कडी वाजली तर दार उघडू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री उशिरा

दादा,

फोनवर टेम्पोच्या कर्जाचा विषय काढला की तू लगेच "तिकडे थंडी किती गं" वर जातोस, म्हणून लिहितेय. वहिनीवर चिडू नकोस, ती स्वतःहून काहीच बोलली नव्हती, परवा व्हिडिओ कॉल चालू असताना दाराची कडी वाजली आणि आई जी दचकली ते बघून मीच खोदून खोदून विचारलं. टेम्पोचे तीन हप्ते थकले, बरं, गाडीच गॅरेजला पडून होती तर हप्ता येणार कुठून. पण रात्री साडेनऊला फायनान्स कंपनीचे दोन वसुलीवाले येऊन अंगणात मोठमोठ्यानं बोलतात काय, समोरच्या काकूंना सगळं सांगून जातात काय, आणि सांगलीच्या मावशीला फोन? तिचा नंबर तू रेफरन्स म्हणून दिला होतास ना, तिथूनच उचलला असणार.

तर ऐक. रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ ला परिपत्रक काढून नियम केलाय, बँकांना आणि फायनान्स कंपन्यांनाही लागू. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, सारखे सारखे फोन करून पिडायचं नाही, धमकी नाही, चारचौघांत अब्रू काढायची नाही, घरच्यांना, मित्रांना, रेफरन्सवाल्यांना त्रास द्यायचा नाही. म्हणजे मावशीला केलेला फोन आणि अंगणातला तमाशा दोन्ही या मनाईत येतात. आणि "आम्ही एजन्सीचे, कंपनीचा संबंध नाही" हे ऐकून घेऊ नकोस, एजंट कसाही वागला तरी जबाबदारी कंपनीचीच. एक मात्र आहे, आबाकाका जामीनदार आहेत, त्यांना कंपनी पैसे मागू शकते, तेव्हा त्यांना आधीच तूच जाऊन सांग, त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर वाईट वाटेल.

तुला वाटेल ही तिकडे बसून शहाणपणा शिकवतेय. अरे मीही यातून गेलेय, घरी सांगितलं नाही एवढंच. गेल्या वर्षी इमर्जन्सीत एक रात्र काढली होती त्याचं बिल इन्शुरन्सनं भरलं असं मी धरून चालले होते, आणि सहा महिन्यांनी एका कलेक्शनवाल्याचा फोन, अकराशे डॉलर बाकी आहेत म्हणून. तेही ऑफिसात. मी इतकी घाबरले की बाथरूममध्ये जाऊन बोलले आणि जवळजवळ कार्ड नंबर देऊनच टाकला होता. शेजारच्या डेस्कवरची बाई म्हणाली थांब, एक पैसा देऊ नकोस, आधी लेखी माग. इथे १९७७ चा कायदा आहे, दुसऱ्याचं कर्ज वसूल करणाऱ्यांना सकाळी ८ ते रात्री ९ याच्या बाहेर सहसा फोन करता येत नाही, ऑफिसात चालत नाही म्हटलं की तिथले फोन बंद, आणि रक्कम कुणाची, किती, हे लेखी द्यावं लागतं, ते कागद आल्यापासून ३० दिवसांत आपण "हे मला मान्य नाही, पुरावा द्या" असं लिहून कळवलं की पुरावा देईपर्यंत वसुली थांबवावी लागते. मी लिहिलं. बिल खरंच इन्शुरन्सनं भरलेलं निघालं! तुझं तसं नाही, तुझे हप्ते खरे थकलेत, ते भरायचेच आहेत. पण देणं असलं म्हणून कुणी आईला घाबरवावं असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

आता ते "पोलीस आणून उचलून नेऊ" म्हणाले त्याबद्दल. नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, ते दिवाणी प्रकरण. पण यात एक खोच आहे आणि ती मी लपवणार नाही. लोन घेताना सह्या करून कोरे चेक दिलेस का? चेक बाउन्स झाला तर कलम १३८ लागतं, ते फौजदारी आहे, आणि खात्यातून आपोआप कटणारा हप्ता बाउन्स झाला तरी तसंच कलम आहे. त्याची नोटीस आली तर १५ दिवसांत पैसे भरायचे असतात. म्हणून स्पीड पोस्टानं काही आलं की परत पाठवू नकोस, बाबा पाठवायचे तसं. सही करून घे, फोटो काढ, मला पाठव.

पुढच्या वेळी कुणी आलं तर ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र माग, दोन्हीचा फोटो काढ, नसेल तर बाहेरूनच परत. रात्री आले, शिवीगाळ केली तर सरळ ११२. रोख पैसे हातात अजिबात देऊ नकोस, पावती दिली तरी नको, ऑनलाइन भर. गाडी ओढून न्यायला आले तर हातघाईवर येऊ नकोस, नोटीस कधी दिली ते विचार आणि व्हिडिओ चालू ठेव.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल मी अर्धा लिहून ठेवलाय, तारखा वहिनीकडून घेऊन भरते, तू फक्त तुझ्या आयडीवरून पाठव. त्यातच हप्ते लहान करून मुदत वाढवून मागितलीय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट, वकील लागत नाही, त्यांचा नंबर १४४४८.

एका हप्त्याचे पैसे मी उद्या टाकते, वाद घालू नकोस, दिवाळीत परत कर. आणि लोनच्या ॲग्रीमेंटचे फोटो पाठव, सगळ्या पानांचे, मागच्या बारीक अक्षरांच्या पानांचे पण. वहिनीला सांग, तिला नीट काढता येतात, तुझे नेहमी हलतात.

तुझी,
छकुली