धोकादायक इमारती : नोटीस चिकटवली, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर अशा सगळ्याच महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात आणि आपले वृत्तपत्रही त्या छापते. या यादीत नाव आल्यावर काय होते आणि काय होत नाही, याबद्दल थोडे लिहावे म्हणून हे पत्र. मी ठाणे जिल्ह्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेचा बरीच वर्षे सचिव होतो. नोटीस घेणाऱ्याच्या बाजूने हा कारभार जवळून पाहिला आहे.

यादीतल्या इमारती धोक्यानुसार चार गटांत टाकतात. वाचकांपैकी अनेकांना हे गट ठाऊक असतील, तरी सांगतो. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-2बी म्हणजे माणसे आत ठेवूनच दुरुस्ती चालेल आणि सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. मुंबईत ही नोटीस 1888 च्या महापालिका कायद्याच्या कलम 354 खाली निघते, बाकीच्या महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली. अधिकार कमी आहेत असे मुळीच नाही. इमारत रिकामी करून घेता येते, गरज पडल्यास पोलिसांची मदत घेता येते, पाणी आणि वीज तोडता येते. मालक हात वर करत असेल तर काम पालिकेने स्वतः करून खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचीही सोय कायद्यात आहे. या शेवटच्या तरतुदीचा वापर माझ्या पाहण्यात एकदाही झालेला नाही.

पाहण्यात येते ती नोटीस. जिन्याखाली मीटरच्या पेटीजवळ चिकटवतात, तिचा फोटो काढतात, पोच घेतात. सगळ्या नोटिसांचा मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच असतो आणि शेवटचे वाक्य तर अगदी एकच: जीवित वा वित्तहानी झाल्यास त्यास महापालिका जबाबदार राहणार नाही. माझा सगळा आक्षेप या वाक्याला आहे. इमारत पडू शकते हे ज्या कार्यालयाला लेखी माहीत आहे, त्याने त्याच कागदावर आपली सुटका लिहून ठेवायची, हा कुठला न्याय? नोटीस ही कारवाईची सुरुवात असायला हवी. आपल्याकडे ती चौकशी समितीपुढे ठेवायचा पुरावा झाली आहे. पुढच्या एप्रिल-मेमध्ये पुन्हा तीच यादी, तीच नोटीस, नवीन जावक क्रमांक.

27 सप्टेंबर 2013 रोजी माझगावला बाबू गेनू मंडईची इमारत पडली आणि 61 माणसे गेली. ती इमारत मुंबई महापालिकेच्याच मालकीची होती आणि राहणारे लोक पालिकेचे कर्मचारी व त्यांची कुटुंबे. म्हणजे घरमालक पालिका, तपासणारी पालिका आणि नोटीस काढायची वेळ आली तर तीही पालिकेनेच पालिकेला द्यायची. खासगी मालकाच्या दुर्लक्षावर बोलण्याआधी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते. त्याच वर्षी 4 एप्रिलला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंड कोसळून 74 जण दगावले होते. ती इमारत अजून बांधून पूर्णही झालेली नव्हती आणि परवानगीचा पत्ता नव्हता. नंतर अटक झालेल्यांत ठाणे महापालिकेचे अधिकारीही होते.

आता स्ट्रक्चरल ऑडिटबद्दल, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीबद्दल. कायद्याने तीस वर्षे झालेल्या इमारतीचे ऑडिट नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. मुंबईसाठी कलम 353 ब, इतरत्र 265 अ. न केल्यास दंड 25,000 रुपये किंवा वर्षभराचा मालमत्ता कर, यांतील जास्त असेल तो. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी तर यापेक्षा कडक आहेत: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी, त्यापुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी. कागदावर हे छान आहे. अडचण अशी की अभियंता निवडतो तोच, ज्याला निकाल विशिष्ट दिशेने हवा असतो. भाडेकरू घालवायचे असतील तर मालकाच्या अहवालात सी-1 येते. घर सोडायचे नसेल तर रहिवाशांच्या अहवालात सी-2बी येते. दोन्ही अहवाल शिक्क्यानिशी, दोन्ही नोंदणीकृत माणसांचे. मग असे परस्परविरोधी अहवाल तपासणाऱ्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण जाते आणि मध्ये एखादा पावसाळा निघून जातो.

कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत जून 2022 च्या अखेरीस पडली, 19 जण मेले. ती आधी सी-1 मध्ये होती, नंतर नव्या ऑडिटमुळे दुरुस्तीयोग्य गटात गेली, असे पालिकेनेच तेव्हा सांगितले होते. यात रहिवाशांना मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला प्रश्न पडतो तो वेगळा. गट बदलताना पालिकेच्या कोणा अभियंत्याने जागेवर जाऊन पाहिले का, आणि दुरुस्तीयोग्य ठरवल्यावर दुरुस्ती झाली की नाही हे कोणी विचारले का?

ऑडिट नीट झाले की नाही हे सामान्य सभासदालाही ओळखता येते. काँक्रीटचा टणकपणा पाहणाऱ्या रिबाउंड हॅमरचे ठोके किती ठिकाणी दिले, आतल्या भेगा-पोकळ्या शोधणारी अल्ट्रासॉनिक चाचणी झाली का, स्तंभातून कोअर (काँक्रीटचा नमुना) काढून प्रयोगशाळेत पाठवले का, सळ्यांच्या गंजासाठी हाफ सेल चाचणी घेतली का, हे सगळे अहवालात आकड्यांनिशी असायला हवे. पुष्कळ अहवालांत भेगांचे रंगीत फोटो आणि शेवटी एक परिच्छेद एवढेच असते. माझी सूचना अशी की अभियंता निवडण्याचा हक्क मालक आणि संस्था दोघांकडूनही काढून घ्यावा. पालिकेच्या नोंदणीतून चिठ्ठी टाकून नाव काढावे, संस्थेने शुल्क पालिकेत भरावे, पालिकेने अभियंत्याला द्यावे. आणि ज्याच्या 'दुरुस्तीयोग्य' शेऱ्यानंतर इमारत पडली, त्याने दिलेले बाकीचे सगळे अहवाल पुन्हा तपासावेत.

'लोक नोटीस देऊनही घर सोडत नाहीत', हे प्रत्येक दुर्घटनेनंतर अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर. का सोडतील? पागडीच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला पक्के ठाऊक असते की एकदा कुलूप लावून बाहेर पडले की परत येण्याची हमी कोणी देत नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच दिला आहे. पण तो घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या कोणी? त्याला हातात हवा असतो तो आपल्या खोलीच्या मोजमापाचा दाखला, ज्यावर पालिकेचा शिक्का आहे. रिकामी करण्याच्या नोटिशीसोबतच, त्याच दिवशी, तो दिला पाहिजे. सध्या लोकांना त्याच्यासाठी प्रभाग कार्यालयात खेटे घालावे लागतात. घरभाड्याचे किंवा संक्रमण शिबिराचे तर नावच नको. मुंबई शहर भागात निदान म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी. अशा इमारती सुरुवातीला 19,642 होत्या. त्यातल्या कित्येक वर्षानुवर्षे टेकूवर उभ्या राहिल्या हे खरे, पण टेकू लावायला तरी कोणी आहे. शीव आणि माहीमच्या पलीकडे, उपनगरांत आणि आमच्या ठाणे जिल्ह्यात, तसे काहीच नाही. येथे घर सोडणारा थेट नातेवाइकांकडे जातो किंवा रस्त्यावर येतो.

भिवंडीत 21 सप्टेंबर 2020 रोजी पहाटे जिलानी बिल्डिंग पडली. मृतांची संख्या 38 च्या वर गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यावर सविस्तर निकाल आला. त्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून 17 जण गेले, तीही इमारत अनधिकृत. ती काही तीस वर्षांची नव्हती. 2020 मध्ये महाडला पडलेली तारिक गार्डनही नव्हती, तिथे 16 माणसे मेली. म्हणजे तीस वर्षांचा नियम काटेकोर पाळला असता तरी या दोन इमारती त्यातून निसटल्याच असत्या. वाळू, सिमेंट आणि सळई यांत पहिल्याच दिवशी मारलेला डल्ला तीस वर्षे वाट पाहत नाही.

अनधिकृत इमारतीत राहणाऱ्याची कोंडी तर विचारू नका. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून अभिहस्तांतरण (जमीन-इमारत संस्थेच्या नावावर होणे) अडते, बँक दारात उभी करत नाही, पुनर्विकासाला विकासक येत नाही. घरपट्टी मात्र नियमित येते. कर आकारला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, असे कायदा सांगतो. पालिकेला पैसे घेताना इमारत दिसते, तपासताना दिसत नाही. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींच्या प्रकरणात तर बनावट परवानग्यांच्या जोरावर रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची नोंदणीही मिळवली होती. घर घेणाऱ्याने आणखी कोणता कागद तपासायचा होता? न्यायालयाने पाडण्याचे आदेश दिले, ते कायद्याला धरूनच आहेत. पण प्लिंथ भरताना, पहिला स्लॅब पडताना, पाचवा पडताना त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या पालिका कर्मचाऱ्यांचे काय झाले हे मला अजून कुठे वाचायला मिळालेले नाही.

आपण रहिवासीही काही धुतल्या तांदळाचे नाही. घाटकोपरची साईदर्शन इमारत जुलै 2017 मध्ये पडली, 17 जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांचा विषय तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. मे 2025 मध्ये कल्याणच्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब खाली आला आणि सहा जणांचा जीव गेला. आमच्याच संस्थेत जुन्या फरशीवर नवीन संगमरवर, स्वयंपाकघर मोकळे दिसावे म्हणून काढलेली भिंत, बाल्कनी आत घेणे, गच्चीवर जादा टाक्या, सगळे प्रकार झाले. हरकत घेतली की उत्तर तयार: 'हे टेनंटेबल रिपेअर, म्हणजे घरातली किरकोळ दुरुस्ती आहे, परवानगी लागत नाही.' दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामासाठीची शिल्लक) 0.25 टक्के जमा करा, असे उपविधी सांगतात. वार्षिक सभेत हा विषय निघाला की लोक चहाकडे वळतात आणि जे काही जमते ते बाहेरच्या रंगावर जाते. स्तंभातली गंजलेली सळई रंगाखाली तशीच राहते.

एक मागणी अगदी कमी खर्चाची आहे. इमारतीला तीस वर्षे कधी झाली हे ठरवायला भोगवटा प्रमाणपत्रच लागते असे नाही, प्रत्यक्ष वापर सुरू झाल्याची तारीखही कायद्याला चालते. ती तारीख पालिकेच्या कर विभागाकडे असतेच, कारण पहिली कर आकारणी तेव्हाच झालेली असते. मग दरवर्षी जाणाऱ्या घरपट्टीच्या बिलावर तीन रकाने वाढवावेत: इमारतीचे वय, शेवटच्या ऑडिटची तारीख आणि सध्याचा गट. ऑडिट झाले नसेल तर तसे स्पष्ट छापावे. अनधिकृत इमारतींच्या बिलावरही छापावे. घर विकत घेणारा किंवा भाड्याने घेणारा माणूस स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागत नाही, मागितला तरी त्याला कोणी दाखवत नाही. घरपट्टीची पावती मात्र तो बघतोच.

आपला,
एक वाचक, ठाणे जिल्हा