नीती हा वरचा मुलामा आहे का?

प्रिय मुक्ता,

"माणूस शेवटी प्राणीच, मग नीती हा वरचा मुलामाच नाही का?" तुझा हा प्रश्न डोक्यातून जात नाही. फोनवर दोन वाक्यांत तुझी बोळवण करायची नव्हती, म्हणून लिहायला बसलो.

आधी उपजत प्रेरणेचं बघ. लॉरेन्झ आणि टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी रानहंसांचं केलेलं निरीक्षण १९३८ साली प्रसिद्ध झालं. अंडं घरट्याबाहेर घरंगळलं की मादी मान लांब करते, चोच अंड्यापलीकडे टेकवते आणि ते हळूहळू आत ओढून घेते. मध्येच अंडं काढून घेतलं तरी ती थांबत नाही. रिकामी चोच तशीच घरट्यापर्यंत ओढत नेते. राग अनावर झाला की आपलंही असंच होतं, कारण संपलं तरी बोलणं संपत नाही.

पण म्हणून प्राण्यांना यंत्र समजू नकोस. अमेरिकेत ऱ्हीसस माकडांवर झालेला एक प्रयोग १९६४ साली प्रसिद्ध झाला. साखळी ओढली की खाणं मिळे, पण त्याच वेळी दुसऱ्या माकडाला विजेचा झटका बसे. बहुतेकांनी ती साखळी टाळली. एक माकड तर १२ दिवस उपाशी राहिलं! हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. जे माकडातही इतकं खोल आहे, ते आपल्यात वरून लावलेलं कसं असेल?

मग फरक कुठे? त्या माकडाने समोरची वेदना पाहिली आणि हात आवरला. माणूस कधीही न पाहिलेल्याचा, अजून न जन्मलेल्याचा, अगदी शत्रूचाही विचार करू शकतो. स्वतःच्या रागालाच तो विचारू शकतो, "वाटतंय खरं, पण हे बरोबर आहे का?" वाघाला हरणाबद्दल कुणी जाब विचारत नाही. तुला-मला विचारतात, आणि ते रास्तच आहे.

हीच बुद्धी क्रौर्यही आखते, हे मात्र विसरू नकोस. तो विजेचा झटका माणसानेच योजला होता. दोनच वर्षांनी, १९६६ साली, त्याच देशात प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या देखभालीचा कायदा झाला, तोही माणसांनीच केला. माकडं काही मागणी घेऊन आली नव्हती.

तो प्रयोग करायची परवानगी आज कुणी तुझ्याकडे मागितली, तर तू देशील का? आणि का? सविस्तर लिही.

तुझा,
बाबा