दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला येते

पुणे, 9 सप्टेंबर 2023

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

फोन केला असता तर आईचा आवाज ऐकून माझा पाय निघाला नसता, म्हणून लिहितेय. येत्या शुक्रवारी मी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या डॉक्टरांच्या संस्थेतर्फे आफ्रिकेत चाडला निघतेय, आठ आठवड्यांसाठी. सही करून झालीय. वर्षभर फ्रेंच शिकत होते ते यासाठीच. तेव्हाच सांगायला हवं होतं, चुकलं माझं. त्यात ऐन गणपतीत मी नसणार.

गावाचं नाव आद्रे. बाबा, नकाशात सुदानची सरहद्द लागूनच दिसेल, पण लढाई पलीकडे आहे. एप्रिलपासून माणसं जीव घेऊन इकडे येतायत. जूनमध्ये तीन दिवसांत आठशेहून जास्त जखमी तिथल्या दवाखान्यात आले. इथे माझ्या जागी भूल द्यायला चारजण आहेत हो. तिथे तसं नाही.

गोळीची जखम लगेच शिवत नाहीत. धुवायची, मेलेलं मांस काढायचं, उघडीच ठेवायची. चार-पाच दिवसांनी चांगली दिसली तर टाके. म्हणजे एकेका पोराला निदान दोनदा भूल. आई, तू विचारशील, बंदूकवाल्यालाही देणार का? हो. बंदूक फाटकाबाहेर, आत येतो तो पेशंट. जखमी कुठल्याही बाजूचा असो, उपचार करायचे, हे 1864 च्या जिनिव्हा करारातच आहे.

बाबा, तुम्हाला डॉ. कोटणीस आठवतील. सायकलच्या दांडीवर बसवून सोलापुरात भैय्या चौकातलं त्यांचं घर तुम्हीच दाखवलंत. 1938 मध्ये ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, एवढंच सांगितलंत. 1942 मध्ये तिथेच वारले, हे मी नंतर वाचलं. पण बाबा, त्यांच्यासारखं वर्षानुवर्षं नाही, मी दोनच महिन्यांसाठी जातेय. राहायला पक्कं आवार आहे, मच्छरदाणी आहे, मलेरियाच्या गोळ्या घेतल्यात. रोज मेसेज करीन.

आई, छोट्या विमानात पंधराच किलो नेता येतं. शेंगाचटणीची एक पुडी पुरे, भाकऱ्या बांधू नकोस. गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय जिना उतरायचा नाही. बाबांची बीपीची गोळी सकाळी आठला, तुझ्यासमोर. बाबा, ‘घेतली’ म्हणून चालणार नाही. रात्रीच्या बातम्या बघायच्या नाहीत, दोघांनीही.

उटणं मात्र तूच लावायचंस, आई. पाठीला, जोरात, लहानपणी लावायचीस तसं.

तुमची,
चिमी