जुन्या घरांची नोंद निबंधाच्या तासाला व्हावी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोव्यातील जुन्या घरांविषयी आपल्या वृत्तपत्रात जे लेख येतात ते मी आवर्जून वाचते. त्यांत बहुधा भाटकारांची, म्हणजे जमीनमालकांची, मोठी घरे, त्यांची राजांगणे आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या यांचेच वर्णन असते. मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे) आणि कुळे ज्या मातीच्या घरांत राहिली त्यांची नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावतो आहे. या बाबतीत आयर्लंडने जे केले ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः शिक्षकांपुढे, यावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आयर्लंडमधील खेड्यातले घर म्हटले की चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंती आणि गवताने शाकारलेले छप्पर डोळ्यांपुढे येते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. तेथील १८४१ च्या जनगणनेत घरांचे चार वर्ग पाडले होते. एका खोलीची मातीची झोपडी सर्वांत खालच्या, चौथ्या वर्गात मोडत असे आणि देशातील एक तृतीयांशाहून अधिक घरे याच वर्गातील होती. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, सुमारे दहा लाख माणसे दगावली, तितकीच देश सोडून गेली. १८५१ मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा त्या झोपड्यांपैकी बहुसंख्य नाहीशा झालेल्या होत्या. राहते माणूस गेले की मातीचे घर काही पावसाळ्यांत मातीला मिळते, हे सत्तरी-डिचोलीतील वाचकांना सांगावे लागणार नाही.

जी घरे टिकली त्यांतील राहणीविषयी मात्र पुष्कळ माहिती मिळते. घराची रुंदी एका खोलीएवढीच, खोल्या एकीतून दुसरीत उघडणाऱ्या, मध्ये स्वयंपाकघर आणि तेथेच चूल. लाकूड दुर्मीळ असल्यामुळे दलदलीतून कापून काढलेले व उन्हावाऱ्यात वाळवलेले पीटचे (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचे) तुकडे जाळत. चुलीवर फिरत्या लोखंडी दांड्याच्या आकड्याला भांडे टांगत. पाव भाजण्यासाठी तीन पायांचे लोखंडी भांडे असे आणि त्याच्या झाकणावरही निखारे ठेवत. बेबिंक हा थरांचा गोड पदार्थ करणाऱ्या घरांना ही रीत ओळखीची वाटेल. रात्री निजण्यापूर्वी घरातील स्त्री प्रार्थना म्हणत निखाऱ्यांवर राख ओढी आणि सकाळी त्याच विस्तवावर चूल पुन्हा पेटवी. माझी आजी नारळाच्या सोडणाचा निखारा असाच राखेखाली जपून ठेवत असे. दाराचे दोन भाग असत. खालचा लावून वरचा उघडा ठेवला की उजेड आत येई आणि कोंबड्या बाहेर राहत. ३१ जानेवारीच्या रात्री लव्हाळ्याचा क्रूस विणून घराला आगीपासून राखण म्हणून छपराखाली किंवा दारावर लावत. आपण नव्याच्या पंचमीला भाताची कणसे दाराला बांधतो, त्याची आठवण मला येथे होते. विहिरीवरून पाणी वाहणे, लोणी काढणे, कोंबड्या पाळणे ही कामे बहुतेक स्त्रियांकडे असत आणि अंडी विकून आलेल्या पैशांत चहा-साखर येई. खेड्यांत वीज नेण्याची मोठी योजना १९४६ मध्ये सुरू झाली, त्यानंतर हे दिवस पालटले.

घर लहान राहण्यामागे केवळ दारिद्र्य नव्हते. घर सुधारले तर जमीनदार खंड वाढवील, ही भीती आयरिश कुळांना असे. आपल्याकडेही १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्यापूर्वी भाटकाराला विचारल्यावाचून साधी पडवीही काढता येत नसे, असे माझे वडील सांगत. घराची नोंद करताना ही बाजूही नोंदवली गेली पाहिजे, नाहीतर केवळ चुलीचे आणि कौलांचे कौतुक हाती राहील.

आता मूळ मुद्दा. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने शिक्षण खाते आणि शिक्षक संघटना यांच्या साहाय्याने सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना या कामाला लावले. निबंधाऐवजी मुलांनी घरातल्या आणि शेजारच्या वृद्धांना विचारून वहीत लिहायचे: जुनी घरे कशी होती, पूर्वी काय खात, लोणी कसे काढत, दुष्काळाविषयी काय ऐकले. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जतन केलेल्या आहेत आणि संगणकावर कोणालाही वाचता येतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या हस्ताक्षरात मातीची जमीन, चरबीत बुडवलेल्या लव्हाळ्याचा दिवा, स्वयंपाकघरातले अंथरूण या गोष्टी वाचताना मन भरून येते.

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि दरवर्षी ‘माझी शाळा’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हेच निबंध तपासले. त्यांपैकी एखादा तास आजी-आजोबांसाठी का देऊ नये? सहावी-सातवीच्या मुलांनी मराठीत किंवा कोकणीत, जसे जमेल तसे, घराच्या भिंतींची माती कुठून आणली, सारवण कोण करी, पावसात माडाची चुडते कशी बांधत, न्हाणीतले पाण्याचे भाण (मोठे भांडे) किती वाजता तापे, हे विचारून लिहावे. बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयात जुनी अवजारे पाहता येतात. ती वापरणाऱ्या घराघरांतील माणसांचे बोल मात्र शाळांनाच गोळा करता येतील. शिक्षण खात्याने पुढील शैक्षणिक वर्षापासून हा उपक्रम हाती घ्यावा, अशी माझी विनंती आहे. जवळच्या कोणत्याही शाळेत जाऊन प्रश्नावली तयार करण्यास आणि वह्या वाचण्यास मी विनामोबदला येईन.

आमच्या वाड्यावर मातीच्या घरात संसार केलेल्या आता तिघीजणीच उरल्या आहेत आणि त्यांतील सर्वांत लहान ८२ वर्षांची आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली