थांबायचं की पुढे जायचं?

गुशैणी (तीर्थन नदीकाठ, हिमाचल), 27 एप्रिल

प्रिय बाळ्या,

गुडघा ठीक आहे, आईचं बीपीही ठीक. काल जे झालं ते इथे कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुला लिहायला बसलो.

झुलत्या पुलाखालचा आपला डोह. मोठ्या धोंड्यामागे धावतं पाणी संथ पाण्याला घासून जातं ना, बरोबर त्या रेषेवर एक ब्राऊन ट्राउट मासा वर येऊन किडे टिपत होता. मी खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून गेलो. फ्लाय टाकली, गळावरचा आपला तो खोटा किडा. गडी वर आला, फ्लायखाली नाक धरून वीतभर मागे सरकला, नीट बघितलं आणि तोंड न लावता खाली गेला.

तू असतास तर तिथेच फतकल मारली असतीस आणि मी म्हटलं असतं, चल रे, वर अजून बरंच पाणी बघायचं बाकी आहे. पाटलीकूहलला याच भांडणावरून तू रात्री माझ्याशी अबोला धरलास, राजम्याचं पातेलं मात्र खरवडून संपवलंस!

माझं म्हणणं अजून तेच आहे. उथळ खळाळात थांबण्यात अर्थ नाही. तिथे माशाला न्याहाळायला वेळच मिळत नाही. फ्लाय धारेबरोबर मोकळी, लाइनची ओढ न लागता दोन-तीनदा गेली आणि काही झालं नाही, तर पुढची जागा बघावी. डोहातल्या माशाचं तसं नसतं, त्याला सवड असते. बुजलेला मासा बाणासारखा सुटतो. हा सावकाश उतरला होता. म्हणून लाइन बाहेर काढली, 16 नंबरची फ्लाय सोडून त्याहून बारीक, 18 ची बांधली आणि बसलो.

जीव मात्र वर-खाली होत होता. या दिवसांत दुपारी वरचं बर्फ वितळून तीर्थन चढते, गढुळते. वरच्या टप्प्यातलं निवळ पाणी हातचं जात होतं. शेवटी तो आला. एकदा, मग थोड्या थोड्या वेळाने. तरी मी घाई केली नाही, चार किडे त्याला निवांत खाऊ दिले. मग टाकली, आणि घेतली रे त्याने! अंगावरचे ते लाल ठिपके! पाण्यातच गळ काढला आणि सोडला.

पण रात्रभर एकच डोक्यात. तो वर आलाच नसता तर मी कुठवर बसायचं होतं? दिसणाऱ्या माशासाठी थांबावं, हे पटलं. पण दिसेनासा झाल्यावर? अर्धा तास? पाणी चढेपर्यंत? तू कशावरून उठायचास? विचारलं की नुसती बिडी शिलगवायचास. आता मात्र सविस्तर लिही.

चिमीचं बारावीचं कसं झालं? दुकानाचा व्यवहार ठरला का? वहिनींना नमस्कार.

सप्टेंबरअखेरीस ये. पाऊस सरून पाणी निवळलेलं असतं आणि 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउटला बंदी. लायसनचं मी बघतो. तुझा तो जड रॉड नको, हलका, चार नंबरचा आण.

तुझा,
पम्या